तळाला बसलेले बेदाणे

"तो केक माझा नव्हता!" सिद्धीने टेबलावर हात आपटला. "मी तिथेच ओरडून सांगितलं. सगळे हसले."

गुप्तहेर आरोही डुंबरेने तिच्यापुढे खुर्ची सरकवली. आरोहीची गाडी चालवणारे, तपासात हटकून नाक खुपसणारे हौशीराममामा दारातून आत आले.

सिद्धी ओतूरच्या एका जैन कापडदुकानदाराची सून. घरी केलेले बिनअंड्याचे केक ती विकायची. गावातल्या बेदाणा-केक स्पर्धेत तिच्या नावाच्या चिठ्ठीचा केक कापला, तर सगळे बेदाणे तळाला गच्च बसलेले. शिवाय अंड्याचा वास! गिऱ्हाइकं तुटली. सासूबाई गुलाबबाईंनी तिला स्वयंपाकघर बंद केलं.

"चिठ्ठ्या कोणी लावल्या?"

"ऋषीने. स्टँडजवळ बेकरी आहे त्याची. आम्हाला आत सोडलं ते थेट कापायच्या वेळी. टिन सगळ्यांना सारखेच दिलेले, त्यामुळे केकही वरून सारखेच."

"तू बेदाणे कसे घालतेस?"

"धुऊन, फडक्यावर कोरडे करून मैद्यात घोळवते. टिनात आधी बोटभर नुसतं मिश्रण. बेदाण्यांचं घट्ट मिश्रण त्यावर. खाली जातीलच कसे?"

"बेदाण्याला बी पावडर लावायची म्हना की," मामा म्हणाले. सिद्धी हसली नाही.

आरोही भेटायला गेली तेव्हा परीक्षक आदेश सर तुटकपणे बोलले. "प्रत्येक केकच्या तळाला आणि कडेला बटर पेपर होता. कापताना तो मीच काढला. बाई खोटं बोलतेय."

पहिला नंबर समृद्धीचा. उरलेला केक तिने फ्रीजमध्ये ठेवला होता. आरोहीने तुकडा उजेडात धरला. तळाला बोटभर थर कोरा, त्यावर बेदाणे सारखे पसरलेले.

"तुम्ही बेदाणे कसे घालता?"

"पाण्यात भिजवून, टम्म फुगले की तसेच ओलेच," समृद्धी म्हणाली. "दरवेळी बुडतात मेले. ह्या खेपेला कसे तरले, मलाच नवल वाटलं. अंडी नेहमीसारखीच घातली व्हती."

बाहेर येताच मामा कुजबुजले, "हीच चोर! धरा तिला."

"चोर असती तर सिद्धीची रीत आपली म्हणून सांगितली असती."

ऋषी बेकरीत पाव मोजत होता. "मी चिठ्ठ्या लावल्या, केकला हात न्हाई लावला. पण चिठ्ठी लावतानाच दिसलं राव, सिद्धीवहिनींच्या केकात बेदाणे खाली बसलेत. वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी आरोहीने सगळ्यांना स्पर्धेच्याच सभागृहात बोलावलं.

"समृद्धीताईंना बक्षीस मिळालेला केक सिद्धीचा. कोऱ्या तळावरून तो ओळखू येतो. ओले बेदाणे बुडालेला, अंड्याचा केक समृद्धीताईंचा. म्हणजे चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. समृद्धीताईंना त्याचा पत्ताच नव्हता."

"मग कोणी?" मामांनी विचारलं.

"आदेश सर, कागद कधी निघाला?"

"कापताना."

"आणि ऋषीभाऊंना तळाचे बेदाणे त्याआधीच दिसले. केक उचलून, कागद सोडवून पाहिल्याशिवाय ते दिसणार कसे? सगळ्यात बिघडलेला, अंड्याचा केक शोधून त्यांनी त्यावर सिद्धीची चिठ्ठी लावली."

ऋषी घामाघूम झाला. "माझी जैन गिऱ्हाइकं सगळी हिच्याकडं गेली," तो पुटपुटला. "वहिनी, घरी येऊन माफी मागतो."

"घरी नाही!" सिद्धी कडाडली. "बदनामी इथे झाली. माफीही इथेच, माइकवर."

त्याने मागितली. समृद्धीने आपणहून बक्षिसाची ढाल सिद्धीच्या हातात दिली.

गुलाबबाई उठल्या. "मेल्या, तुझ्यापायी मी माझ्या सुनेला चोरासारखं वागवलं!"

"त्याने चिठ्ठी बदलली, आई," सिद्धी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, पण राग तसाच होता. "मला विचारायचंच नाही, हे तुम्ही ठरवलंत."

गुलाबबाई पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी सुनेपुढे हात जोडले.