एकट्याला जागा नाही

जुडाह पहिल्यांदा आला तो नेमका शनिवारी, आणि तोही जागेचं बोलायला. मिल्कानं दार उघडलं तर समोर घामानं भिजलेला सदरा, वहाणांवर रस्त्याची धूळ आणि तोंडात पाठ केलेलं वाक्य.

"नाथनसाहेबांचा दादरचा ब्लॉक भाड्यानं द्यायचाय असं कळलं..."

"आज शब्बाथ," मिल्का म्हणाली. "आज या घरात व्यवहाराचं बोलत नाहीत. आपण कोण?"

"जुडाह. मोरा बंदराचा." त्याचा चेहरा पार उतरला. "मी आपल्यातलाच आहे हो, यहुदीच. मुंबईत शनिवारीही अर्धा दिवस ऑफिस असतं ना... वारच विसरलो."

परत फिरताना त्यानं दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावून ती ओठांना टेकवली. प्रार्थनेचं चर्मपत्र आत असलेली ती लहानशी नळी पनवेलच्या त्या आळीत प्रत्येक दारावर होती. पण इतक्या अपराधी चेहऱ्यानं तिला हात लावणारा माणूस मिल्कानं पहिल्यांदाच पाहिला. तिला हसू आलं आणि दिवसभर ते येतच राहिलं.

रविवारी तो पुन्हा आला. कस्टममधून निवृत्त झालेल्या नाथननी, मिल्काच्या वडिलांनी, एकच प्रश्न केला, "कुटुंब?"

"आई आहे, मोऱ्याला. ती समुद्र सोडून यायची नाही."

"म्हणजे एकटेच. मग नाही जमायचं. दादरसारखी वस्ती, शेजारी बायकामुलांची घरं... एकट्याला मी जागा देत नाही."

विषय तिथेच संपायला हवा होता. पण जुडाह दर रविवारी येत राहिला. कधी आईनं दिलेली सुकट पोचवायला, कधी नाथनच्या कस्टममधल्या गोष्टी ऐकायला. त्या गोष्टी घरात आता कुणीच ऐकत नसे. घराला घाई होती ती वेगळीच. मिल्काचा थोरला भाऊ इस्रायलला जाऊन वर्ष झालं होतं आणि आता उरलेले तिघेही, आईवडील आणि मिल्का, बोटीनं तिकडेच निघायचे होते. माजघरात ट्रंका उघड्या पडल्या होत्या. सगळ्या घराला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

एका रविवारी मिल्का मागच्या पडवीत तांब्याची भांडी घाशीत बसली होती. बरोबर न्यायची नसलेली ती भांडी शेजारच्या सोनाबाईंना द्यायची होती. जुडाह खांबाला टेकून उभा राहिला.

"मिळाली का जागा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कुठली मिळतेय? जो तो विचारतो, लग्न झालंय का."

"मग करून टाका."

"मुलीचा बाप विचारतो, जागा आहे का."

मिल्का हसली. तो हसला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "घरमालक आणि मुलीचा बाप... दोन्ही एकच निघाले, तर आधी काय मागायचं?"

तिचा चिंच लावलेला हात हंड्यावर तसाच थांबला. कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या.

"मागा की," ती हळूच म्हणाली.

"नाही मागणार. तुमच्या आईचा एक मुलगा आधीच लांब गेलाय. आता तिची मुलगी इथे ठेवून घेऊ?" त्यानं वहाणा पायांत सरकवल्या. "येतो मी."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिल्काला आपण ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारख्या झालोय असं वाटे. आपलं मन जुडाहवर जडलंय, हे तिनं स्वतःपाशी तेव्हाच कबूल केलं.

एका सकाळी नाथन मुंबईला निघाले. कमळाकर नावाचा एक कुटुंबवाला गृहस्थ ब्लॉक घ्यायला तयार होता आणि त्याला होकार द्यायचा होता. पिशवीत त्यांनी किल्ली टाकली आणि वर पक्कड ठेवली.

"पक्कड कशाला?" मिल्कानं विचारलं.

"दारावरचा मेझुझा काढून आणायला. आपलं माणूस राहणार असतं तर तसाच ठेवला असता."

मिल्कानं पिशवीतून पक्कड काढून घेतली.

"मग राहू द्या, बाबा. जुडाहला जागा द्या."

"अगं, तो एकटा आहे."

"एकटा नाही."

नाथन दारातच थांबले. "त्यानं विचारलंय तुला?"

"तो विचारणार नाही. आईचं मन दुखवायचं नाही त्याला. म्हणून मी सांगतेय... मला त्याच्याबरोबर राहायचंय. इथे."

माजघरात मिल्काची आई जोकबेद ट्रंक भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वाकून तिनं ट्रंकेतल्या मिल्काच्या साड्या एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. डोळे पुसायलाही ती थांबली नाही.

नाथन तिच्याकडे बघत उभे राहिले. मग खाकरून म्हणाले, "बोटीला महिना आहे. तेवढ्यात लग्न होईल. आधी मोऱ्याला जाऊन त्याच्या आईला भेटतो."

मिल्कानं पक्कड पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. लेकीची बोटं पकडीभोवती मिटवून ते म्हणाले,

"तुझ्या घरात ठेव. मेझुझा काढायला आमच्यासारखी तुला कधी लागू नये."