मधला आवाज

पटलं तर घ्या, पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या, मंजिरीच्या बाबतीत घडलं. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये. १९८८चा ऑक्टोबर, गुरुवारची दुपार.

मंजिरी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचे बाबा, पद्माकरकाका, तिथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. साठच्या दशकात टीव्हीवाल्यांनी एका कार्यक्रमासाठी ऑडिशन घेऊन तीन मुलींचा एक बँड तयार केला होता, 'द पेपर लँटर्न्स'. वीस वर्षांनी तोच कार्यक्रम नव्या मुलींना घेऊन पुन्हा काढायचं ठरलं. त्यात मंजिरीची निवड झाली.

मधल्या मुलीच्या जागी.

मूळची मधली मुलगी, मॉरीन, कार्यक्रम बंद पडला त्याच वर्षी गेली होती. कशाने, ते कोणी सांगत नसे.

काम सोपं होतं. जुन्या टेप वाजणार, मुलींनी फक्त ओठ हलवायचे. मंजिरी स्वतः छान गायची, त्यामुळे तिला जरा लागलं. पण टीव्हीवर दिसणार, हेही थोडं नव्हतं.

चार भाग सुरळीत झाले.

त्या गुरुवारी पाचव्याचं रेकॉर्डिंग होतं. गाणं अर्ध्यावर आलं आणि टेप अडकली. बाकी दोघींचे आवाज तुटले...

मधला आवाज थांबला नाही.

बारीक, स्वच्छ आवाज. त्याने ओळ पुरी केली, मगच तो थांबला.

मंजिरी तोंड उघडं टाकून उभी होती.

साउंडचा माणूस, आर्थर, हसत जवळ आला. म्हणाला, "गाऊ नको सांगितलं तरी तू पहिल्या दिवसापासून गातेसच. बरंच झालं म्हणा. मॉरीनचा ट्रॅक आम्हाला सापडलाच नाही. टेपवर दोनच आवाज आहेत."



ती एकदाही गायली नव्हती.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. सुहासिनीमावशीला वाटलं, पोर दमली आहे. तिने मंजिरीला जवळ बसवलं आणि नेहमीचं भजन म्हणायला सांगितलं. मंजिरीने श्वास घेतला, तोंड उघडलं...

काहीच नाही. नुसती हवा.

बोलता येत होतं. गाता येत नव्हतं. काकांनी घसा तपासला, ओळखीच्या स्पेशालिस्टला दाखवला. घसा ठणठणीत होता.

तिने काम सोडलं. सहावा भाग दोघींवरच उरकला. तो लागला तेव्हा मंजिरी आणि काका हॉलमध्ये बघत बसले होते. दोघी दिसत होत्या, दोनच आवाज येत होते.

तेवढ्यात मावशी किचनच्या दारात आली.

"मंजू, गाणं बास कर गं. अंगावर काटा येतोय."

काकांनी वळून लेकीकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं.

त्यांनी उठून टीव्ही बंद केला. मावशी मात्र तशीच दारात उभी राहिली... कान देऊन.

तो कार्यक्रम पुढे आलाच नाही. आज कोणाला त्याचं नावही आठवत नाही. मंजिरी आता वॉटफर्डला असते, फार्मसीत काम करते. बोलायला मोकळी, पण वाढदिवसालाही कधी सूर लावत नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं.

मग नातीबद्दल म्हणाली, "सुनीती चार वर्षांची झाली ना, आता सगळं नीट बोलते. आज सकाळी उठली आणि म्हणाली, आजी, काल झोपताना म्हटलंस ते इंग्लिश गाणं परत म्हण."

मी विचारलं, कुठलं गाणं?

"तिला ते येतं," मंजिरी म्हणाली. "म्हणून दाखवू का, असं विचारत होती. मी नको म्हटलं."