काळ्या माळावरचा मुक्काम

इडोयाने गाडी मागे घेतली आणि पाठीमागे काहीतरी धडाधड कोसळलं.

रविवारी गुरांच्या बाजाराचं आवार मोकळं असतं, म्हणून ती सरावाला तिथे आली होती. पुढे पिकअप आणि त्याला जोडलेली छोटी पांढरी घरगाडी. आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल, सगळं बेताबेताने बसवलेलं. मागे घेताना पिकअप डावीकडे वळवला की घरगाडी उजवीकडे जाते, हे तिला ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असून चालत नाही, ते हातांना कळावं लागतं.

ती खाली उतरली. लाकडी पेट्यांचा ढीग आडवा झाला होता. एक उंच, उन्हाने रापलेला माणूस त्यातली एक पेटी उचलून तिच्याकडे बघत होता.

"मधमाश्यांच्या आहेत?" तिने एक पाऊल मागे घेत विचारलं.

"रिकाम्या आहेत. भरलेल्या असत्या, तर आपली ओळख धावता धावता झाली असती."

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"काही मोडलं असेल तर सांगा. भरून देते."

"पेट्या धडधाकट आहेत. तुम्ही? स्टिअरिंग असं आवळून धरलं होतंत, जसं काही ते पळून जाणार आहे."

"जातंच ते. मी सरळ म्हणते, ते वाकडं जातं."

"मागे उभं राहून सांगणारं कोणी नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "आणि नकोय."

त्याने मान डोलावली आणि पेट्या रचायला लागला. तीही लागली. रचता रचता नावं कळली. तो थॅड हॉबली, मधमाश्या पाळणारा. हिवाळ्यात त्याच्या मधमाश्या कॅलिफोर्नियात, बदामांच्या बागांत. उन्हाळ्यात डाकोटाच्या कुरणांत. मधले थोडे आठवडे इथे आयडाहोत, डेलबी गावाबाहेर.

शेवटची पेटी चढवताना इडोयाने आपलंही सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं कधी कधी सोपं जातं.

गाडी नेहमी कॉर्विन चालवायचा, तिचा नवरा. ती मागे उभी राहून हाताने खुणा करायची. घरगाडी घेतली तीच मुळी काळ्या माळावर मुक्काम करायचा म्हणून. फार पूर्वी तिथे जमीन फाटून लाव्हा वाहिला आणि मैलोन्‌मैल काळा दगड होऊन गोठला. जूनमध्ये थोडे दिवस त्या काळ्या राखेवर गुलाबी फुलं येतात. दर जूनला काहीतरी निघायचं आणि दोघं म्हणायची, पुढच्या वर्षी. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात कॉर्विन गेला.

"भाऊ म्हणतो, विकून टाक. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय त्याने. मी त्याला सांगितलं, काळ्या माळावर ही मी एकटीने लावून दाखवते. लावली तर माझ्याकडे राहील. नाही जमलं तर किल्ली तुझ्या हातात."

"एकटीने म्हणजे... अगदी एकटीने?"

"अगदी."

"मग पुढच्या रविवारी मी पेट्या जरा लांब ठेवतो," थॅड म्हणाला.

पण पुढच्या रविवारी पेट्या तिथेच होत्या, आणि तोही.

सराव झाला की दोघं हमरस्त्यावरच्या खानावळीत बसायची. इडोया मुक्कामाचा बेत आखायची. मिठाची बाटली म्हणजे घरगाडी, काटेचमचे म्हणजे लाव्हाच्या भिंती.

"जागा आधी राखून ठेवता येत नाही," ती म्हणाली. "जो आधी पोचेल त्याची. दुपारपर्यंत सगळं भरतं."

"सकाळी लोक निघायच्या वेळेला पोचायचं मग."

"वीज नाही. पाणी एकाच नळाला. टाकी इथूनच भरून न्यायची. जनरेटर ठरल्या वेळेलाच."

"आणि जागा या चमच्याएवढी," असं म्हणत त्याने मिठाची बाटली दोन काट्यांच्या मधे सरकवली. एक काटा खाली पडला.

"झालं. माझी घरगाडी फोडलीत."

"माझ्या पेट्या पाडल्या होत्यात. फिटलं."

"पेट्या रिकाम्या होत्या."

"ही बाटलीही फारशी भरलेली नाही," तो म्हणाला. वाढणाऱ्या बाईने दोघांकडे बघितलं आणि न मागता कॉफी ओतली.

मेच्या अखेरीस एका रविवारी जोराचा वारा सुटला. घरगाडी काही केल्या रेषेत येईना. थॅड शेजारच्या सीटवर होता. बोलायचं नाही अशी त्याला सक्त ताकीद होती, आणि तो बोललाही नाही. फक्त स्टिअरिंगवरच्या तिच्या हातावर त्याचा हात आला, चाक जरासं खाली ओढलं, आणि घरगाडी निमूट सरळ झाली. मग त्याला एकदम भान आलं.

"माफ करा." त्याने हात काढून घेतला.

इडोया समोरच बघत राहिली. "काढा असं मी म्हटलं नव्हतं."



"तुला... म्हणजे तुम्हाला..." तो अडखळला.

"‘तुला’च बरं आहे," ती म्हणाली.

घरी जाताना मात्र तिला स्वतःचाच राग आला. एकटीने म्हणायचं, आणि कोणाचा हात आला की बरं वाटून घ्यायचं? तिचे आजोबा स्पेनमधून, बास्क मुलुखातून इथे मेंढ्या राखायला आले होते. महिनोन्‌महिने लाकडी गाड्यात एकटे राहायचे आणि जमिनीत खड्डा करून पाव भाजायचे. त्यांचंच रक्त आहे ना आपल्यात? तिने ठरवलं, मुक्कामाच्या दिवशी थॅडची मदत घ्यायची नाही.

"जागा धरून ठेवणं ही मदत नाही," थॅडचं म्हणणं पडलं. "मी पहाटे पुढे जातो, मोठी, सोपी जागा धरतो. गाडी तू लाव. एवढं तरी करू दे. त्याच आठवड्यात मला डाकोटाला निघायचंय."

हे शेवटचं वाक्य त्याने उगाच बूट पुसत सांगितलं. तिने त्याच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. धर."

त्या दिवशी इडोया काळ्या माळावर पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि दगड तापायला लागले होते. थॅड वाटेवरच उभा होता, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, चेहरा पडलेला.

"जागा गेली," तो म्हणाला.

"गेली म्हणजे?"

"खुर्ची मांडून ठेवली होती. तुझ्यासाठी पाणी आणायला नळावर गेलो... परत येतो तर तिथे दुसऱ्याचा तंबू."

मुक्कामाची व्यवस्था बघणाऱ्या वर्लाबाई गोल्फच्या गाडीतून आल्या. सत्तरीच्या, डोक्यावर वेताची टोपी.

"याला सांगून झालंय, पोरी. खुर्ची म्हणजे माणूस नव्हे. माणूस बसलेला असेल तर जागा त्याची. खुर्ची काय, कोणीही ठेवेल. हा बसून राहिला असता तर तुझीच होती."

"पाणी कशाला आणायला गेलास? टाकी भरून आणलीय मी," इडोया म्हणाली.

"ताजं पाणी असावं म्हणून..."

वर्लाबाईंनी आकाशाकडे बघितलं. "प्रेमात पडलेल्या माणसाला जागा धरायला पाठवू नये. एकच जागा उरलीय. कोपऱ्यातली, वळणाची. दोन्हीकडे दगड. सकाळपासून दोघं बघून परत गेले."

जागा खरोखर वाईट होती. कमरेएवढ्या काळ्या भिंती, कडा सुरीसारख्या. आत घरगाडी जेमतेम मावेल.

थॅड हळूच म्हणाला, "किल्ली दे. दोन मिनिटांत लावतो. कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"चूक माझी आहे, इडोया. तुझा डाव माझ्यामुळे जाऊ नये."

"म्हणूनच तू तिथे बस." तिने पाण्याच्या कॅनकडे बोट दाखवलं. "बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. मान हलवायची नाही."

तो बसला.

कोणी घरगाडी मागे घेऊ लागलं की अशा मुक्कामांवर लोक हातातलं काम टाकून बघायला येतात. आताही आले. कोणी बिअरची बाटली घेऊन, कोणी कुत्र्याला घेऊन. एक म्हातारा बायकोला म्हणाला, "उजवा कोपरा लागणार बघ." बायको म्हणाली, "तू गप्प बस. तू तर शेजाऱ्याचं टेबल पाडलं होतंस."

इडोयाने गाडी मागे घेतली. थांबवली. उतरली, मागे जाऊन वाकून बघितलं, परत चढली. थोडी मागे. पुन्हा उतरली. घामाने सदरा पाठीला चिकटला. उजवा कोपरा दगडाच्या इतका जवळ आला की मधे तळहात बसेना. तिने गाडी पूर्ण बाहेर काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कोणी हसलं नाही. पुन्हा उतरणं, पुन्हा बघणं. कॉर्विन असता तर एव्हाना ओरडला असता, आणि मग दोघंही हसली असती... तिने तो विचार येऊ दिला, जाऊ दिला, आणि चाक जरासं खाली ओढलं.

घरगाडी वळली. दोन भिंतींच्या मधे गेली. आत, अजून आत... आणि थांबली.

म्हाताऱ्याने टोपी काढली. लोक पांगले.

इडोया उतरली आणि पाण्याच्या कॅनकडे गेली. थॅड अजून कॅनवरच बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली.

"ऊठ आता."

"हात बधिर झालेत."

"का?"

"हलू नयेत म्हणून त्यांच्यावर बसलो होतो."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघं राखेच्या उतारावर गेली. फुलं नखाएवढीही नव्हती. काळ्या राखेत एकेक, लांब लांब, गुलाबी. इडोया गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ बसून राहिली.

"कॉर्विनला आवडलं असतं," ती म्हणाली.

"हो," थॅड म्हणाला. मग तोही शेजारी बसला.

परतताना तो मधेच थांबला. "इडोया, सोमवारी मी निघतोय. जाण्याआधी मला..."

"थांब. आधी मी." तिने श्वास घेतला. "घरगाडी विकायची नाही, हे ठरलं. मला ती एकटीने लावता येते, हेही ठरलं. आता... पुढचा मुक्काम डाकोटात केला, तर तू मागे उभा राहशील?"

"तुला गरज नाही माझी. सगळ्यांनी बघितलं आज."

"नाहीच. गरज असती तर विचारलं नसतं." तिने मान वर केली. "पण गाडी मागे घेताना आरशात बघावं, तर कोणीतरी दिसावंसं वाटतं. कोणीतरी नाही... तू."

थॅड राखेकडे बघत राहिला. 

"डाकोटात सगळं सपाट आहे. ना दगड ना भिंत. गाडी कुठेही लावता येते. मागे उभं राहायला काही कारणच नाही तिथे."

"मग कारण नसताना उभा राहा."

त्याने तिच्याकडे बघितलं. "राहतो," तो म्हणाला.