मालतीची तबकडी

"आज आम्हाला तबकडी दिसली नाही, तर तुझ्या नोंदीवर फुली मारणार," गोटूनं मालतीला बजावलं.

१९५२ सालची दिवाळीची सुट्टी होती. वर्तमानपत्रांत उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत होत्या. बुऱ्हाणपूरहून निंबोल्याला मामाच्या मळ्यात आलेल्या मालती आणि रमेश या बहीणभावांनी मामेभाऊ गोटूला हाताशी धरलं आणि रोज तिन्हीसांजेला आकाशावर पाळत ठेवून वहीत नोंदी केल्या. तीन दिवसांत दोन्ही पोरांना काही म्हणजे काही दिसलं नाही. मालतीला मात्र रोज मावळतीला झालरीची गोल तबकडी दिसे.

"ती शुक्राची चांदणी आहे, टिकलीएवढी," रमेश म्हणाला. "तू झूठ बोलू राहिली."

मालतीचे डोळे भरून आले. शाळेतही हेच. फळ्यावरचं ती चुकीचं उतरवी, म्हणून गुरुजी तिला 'ढ' म्हणत. वडिलांनी, बापूंनी, तर ठरवूनच टाकलं होतं, सुट्टी संपली की हिची शाळा बंद. आता भाऊही खोटारडी म्हणू लागला, तर बिचारीनं जावं कुठं?

गोटू विरघळला. "रडू नको. दुर्बीण बनवू."

दुर्बीण कसली, केळीच्या पानाची सुरळी! तिचं टोक दुमडून त्यानं बाभळीच्या काट्यानं बारीक भोक पाडलं. मालतीनं डोळा लावला.

"काय दिसू राहिलं?"

"तबकडी गेली. टिकलीच राहिली."

सुरळी काढली की तबकडी, लावली की टिकली. रमेशनं कपाळावर हात मारला. "गोटू, तबकडी आकाशात नाहीच. हिच्या नजरेत आहे. फळ्यावरचंही हिला असंच फुगून दिसत असेल!"

सकाळी बापू न्यायला आले. रमेशनं सगळं सांगितलं, पण त्यांना पटेना. "शाळा बंद होऊ नये म्हणून बहाणे हे."

"मग तुम्हीच परीक्षा घ्या," गोटूनं आपली पाटी पुढे केली.

बापू वीस पावलं दूर गेले, पाटीवर काही लिहून त्यांनी ती उंच धरली. मालतीला नुसतं काळं दिसलं. तिनं सुरळी लावली.

"मंगळवार," ती म्हणाली.

बापूंनी पुसून एका गावाचं नाव लिहिलं. "देडतलाई." तिसरं लिहिलं. "मालती."

बापू तिथंच उभे राहिले. मालतीनं सुरळी पाटीवरून वर, त्यांच्या चेहऱ्यावर नेली. इतक्या लांबून तिनं तो कधी पाहिलाच नव्हता.

"बापू, तुम्ही रडू राहिले?"

बापू आले आणि रमेश-गोटूला त्यांनी पोटाशी धरलं. "आम्हा मोठ्यांना जमलं नाही, ते तुम्ही केलं रे." मग मालतीच्या डोक्यावर हात ठेवला. "आधी चष्मा करू, मग शाळा. मी येतो सोबत. मास्तरांना सांगतो, ढ पोरगी नव्हती, ढ तिचा बाप होता."