वकीलबाईंचा अशील

जबलपूरच्या ग्राहक आयोगाच्या लांबट खोलीत तुळशीराम काका हात जोडून उभे होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"बाबूजी, कूलर कब खराब हुआ?" अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं.

काका नुसतेच हसले. त्यांची वकील विनता सुभेदार त्यांच्या कानाशी वाकली आणि तोच प्रश्न मराठीत मोठ्यानं विचारला. काका एवढे दचकले की एक पाऊल मागे सरकले. कूलरच्या कंपनीचा वकील गालातल्या गालात हसला, आणि विनताचे कान तापले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. करड्या स्वेटरमधला, उंच, सावळा तरुण. "सर, मैं मदद कर दूँ?" अध्यक्षांनी मान हलवली. त्यानं काकांना खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत, ओठ नीट हलवत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काका, कूलर कधी बिघडला?"

"असं विचार ना बाप्पा," काका म्हणाले. "अक्षय तृतीयेला बिघडला. घरात बारशाचे पाहुणे होते."

मग एकेक उत्तर सरळ येत गेलं. खिडकीतून डिसेंबरचं ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात तो अनोळखी माणूस शांतपणे एका म्हाताऱ्याशी बोलत होता... विनताला आपल्या पुढचे कागद चाळायचं भान राहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. "थँक यू. ओरडायचं नसतं, हे मला माहीतच नव्हतं."

"ओरडलं की शब्द कळत नाही, माणूस रागावला एवढंच कळते," तो म्हणाला. मग जरा थांबून – "तशा तुम्ही रागावलेल्या बऱ्या दिसता. पण काका घाबरले ना."

"अच्छा?" विनता म्हणाली. आणि हातातली फाइल उगाच उघडून मिटली. एरवी समोरच्याला तीन वाक्यांत गप्प करणारी ती.

त्याचं नाव अनुपम देवतळे. आजोबा वर्ध्याकडून आले आणि जबलपूरच्या गढा भागात राहिले. अनुपमचा गढ्याच्या बाजारात दवाखाना होता – कानांची तपासणी आणि कानाच्या मशीनची दुरुस्ती. तो आज इथं स्वतःची तक्रार घेऊन आला होता, पण ती दारातूनच परत मिळाली होती.

समोरच्या टपरीवर चहा घेताना त्यानं सांगितलं. कानाची मशीन विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं सुटे भाग बाहेर विकणं बंद केलं होतं. दुरुस्ती फक्त त्यांच्याच केंद्रात, आणि केंद्र नागपूरला. "आता गढ्यातली ऐंशी वर्षांची बाई नागपूरला जाईन का? ती मशीन डब्यात ठेवून देते आणि गप्प बसते. घरात नातवंडं बोलून राहिली आणि ही भिंतीकडे पाहून राहिली... मला ते पाहवत नाही."

"तुमची तक्रार इथं चालणार नाही, देवतळेजी," विनता म्हणाली. "सुटे भाग तुम्ही धंद्यासाठी घेता, म्हणजे कायद्यानं तुम्ही ग्राहक नाही. हे प्रकरण दिल्लीचं, स्पर्धा आयोगाचं. बाजारातल्या आपल्या वजनाच्या जोरावर कुणी दुसऱ्यांची वाट अडवली, तर त्याला तिथं जाब द्यावा लागतो."

"असा वकील जबलपुरात कुठं भेटेन?"

"तुमच्यासमोर चहा पिऊन राहिली आहे," विनता म्हणाली, आणि आपण त्याची नक्कल केली हे लक्षात येऊन लाजली. तो मात्र खुलून हसला.

विनता सिविल लाइंसमधल्या जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. वकिली शिकून ती दिल्लीला गेली, एका मोठ्या फर्ममध्ये याच कायद्यात पाच वर्षं राबली. आई गेल्यावर बाबा एकटे पडले म्हणून परत आली. राइट टाउनमध्ये छोटं ऑफिस थाटलं. कूलर, फ्रिज, विम्याची भांडणं लढू लागली. माणसं आशीर्वाद देत, काम वाईट नव्हतं. पण आपण जे खरं शिकलो ते आता कायमचं गुंडाळून ठेवलं, अशी खंत कुठेतरी असायची. त्या दिवशी चहाच्या टपरीवर ती खंत अचानक हलकी झाली.

तिनं कंपनीला नोटीस पाठवली. होळीच्या सुमारास कंपनीचा एक साहेब विमानानं जबलपूरला आला, तिच्या ऑफिसात बसून गोड बोलला. देवतळेंना आम्ही आमचं अधिकृत केंद्र करतो, सगळे भाग त्यांना मिळतील. फक्त हे दिल्लीचं प्रकरण नको.

साहेब गेल्यावर दोघं समोरासमोर बसले.

"वकील म्हणून सांगते," विनता म्हणाली, "तुमच्यासाठी हे चांगलं आहे. दवाखाना वाचेल. दिल्लीत गेलो तर वर्ष जाईल, आणि जिंकूच असं मी म्हणणार नाही."

"आणि कटनीवाला? सागरवाला? माझ्यासारखे बाकी सगळे?"

"त्यांना काही मिळणार नाही."

अनुपमनं साहेबाचं कार्ड टेबलावर उलटं करून ठेवलं. मग म्हणाला, "मी हो म्हटलं तर तुम्ही काय म्हणान?"

"काही म्हणणार नाही. घर चालवायचं असतं माणसाला."

"म्हणूनच जीव अडकला," तो पुटपुटला. तिनं "काय?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. दिल्लीचं काम सुरू करा."

ते वर्ष त्याला कठीण गेलं. दुरुस्तीला भागच नाहीत म्हणून पेशंट कमी झाले. दुपारी तो दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करू लागला, संध्याकाळी स्वतःचं दार उघडायचा. विनता दिल्लीच्या खेपा करायची आणि परतल्यावर गढ्यात त्याच्याकडे जायची. म्हाताऱ्या बायका तिला जवळ बसवून घ्यायच्या, गालावरून हात फिरवायच्या. अनुपम प्रत्येकीशी त्याच सबुरीनं बोलायचा. ते पाहताना तिला वाटायचं, हा माणूस आपल्याशी दिवसभर नुसतं हवामानावर बोलला तरी चालेल.

श्रावणात एकदा ती भिजतच पोहोचली. झड लागली होती. दवाखान्याच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोलणं ऐकू येईना. पेशंट कुणी नव्हतं.

"तुमचे कान तपासतो," तो म्हणाला. "रोज दुसऱ्यांच्या कानांसाठी भांडता. स्वतःचे पाहा ना कसे आहेत."

त्यानं तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन ठेवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

दार लागलं आणि पाऊस एकदम नाहीसा झाला. काचेपलीकडे तो मान खाली घालून यंत्राशी बसलेला. एक बारीक सूर आला... तिनं बटण दाबलं. आणखी एक, आणखी बारीक. मग काहीच नाही. त्या शांततेत तिला आपल्याच छातीतले ठोके ऐकू येऊ लागले. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं – आणि तिचं बोट बटणावर दाबलं गेलं.

त्यानं दार उघडलं. पाऊस पुन्हा आत आला. "मी आवाज दिलाच नव्हता, विनताजी. काहून दाबलं?"

"मला वाटलं... आला."

दोघंही हसले नाहीत. तिच्या केसांत अडकलेला हेडफोन त्यानं अगदी हळू सोडवला. क्षणभर तो काही बोलेल असं वाटलं. मग तो मागे सरला आणि म्हणाला, "कान उत्तम आहेत, मॅडम."

मॅडम. त्या दिवसापासून तो मॅडमच म्हणू लागला. फोनवर कामापुरतं बोलायचा, चहाला थांबायचा नाही. विनतानं दिल्लीच्या कामात स्वतःला बुडवून घेतलं. पण गढ्याकडे वळणारी ऑटो दिसली की ती वळून बघत राहायची.

थंडी सुरू झाली आणि स्पर्धा आयोगाचा आदेश आला. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आहे, कंपनीची सखोल चौकशी करावी. आदेश येताच कंपनीनं आपणहून सुटे भाग सगळ्यांसाठी खुले केले. फक्त जबलपूरला नाही, सगळीकडे. अंतिम निकाल बाकी होता, पण गढ्यातल्या डब्यांमधली यंत्रं बाहेर निघाली, दुरुस्त होऊन कानांत बसली.

मग तिच्या ऑफिसात माणसं येऊ लागली. कुणी मटारची थैली आणली, कुणी पेरू. आता तुळशीराम काकांच्याही कानात मशीन होती. ते आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "पोरी, बायको इतकं बोलते हे मला माहीतच नव्हतं." विनताला हसता हसता रडू आलं. दिल्लीत तिनं मोठमोठे निकाल पाहिले होते. मटार घेऊन कुणी आलं नव्हतं.

अनुपम सगळ्यांत शेवटी आला. हातात खव्याच्या जलेबीचा पुडा. उभाच राहिला.

"तुमचे आभार कसे मानू, समजत नाही," तो म्हणाला.

"मानू नका मग." तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. "सकाळपासून आभारच ऐकते आहे. तुमच्याकडून तरी नकोत."

"काहून रागावून राहिल्या?"

"श्रावणापासून मॅडम म्हणता. आणि आज आभार. मला वाटलं होतं..." ती थांबली. "जाऊ द्या."

तो खुर्ची ओढून समोर बसला. "विनताजी, तुम्ही माझ्या वकील. माझं सगळं तुमच्या हातात. अशा वेळी मी काही बोललो असतो, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं. काम सोडता आलं नसतं, आणि माझं तोंडही रोज पाहावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो. लई कठीण गेलं."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"आणि हे नुसते आभार असतील तर?" तिनं विचारलं. गेले कित्येक दिवस हाच प्रश्न तिला कुरतडत होता. "मी केस लढले म्हणून तुम्हाला असं वाटत असेल तर?"

"आभारी मी पोस्टमनचाही आहे," अनुपम म्हणाला. "आदेश त्यानंच आणून दिला. पण तो दारात आला की मी केस विंचरायला पळत नाही."

विनताला हसू आवरेना. तो हसला नाही, तिच्याकडे पाहत राहिला.

ती उठली, खिडकीशी गेली. ज्या शहरात आपलं सगळं संपलं असं समजून ती परतली होती, त्याच शहरानं तिला तिचं काम परत दिलं होतं. आणि हा माणूस दिला होता – ज्यानं स्वतःचा दवाखाना पणाला लावला, पण तिला अडचणीत टाकलं नाही. या सगळ्याचे आभार नेमके कुणाचे मानायचे, हे तिलाही समजेना.

ती वळली. "पुढच्या तारखेला मी उभी राहणार नाही, देवतळे. तुम्ही दुसरा वकील बघा. माझी मैत्रीण सलोनी दिल्लीतच असते, हेच काम करते. कागद सगळे तयार आहेत, मी तिला समजावून देईन."

त्याचा चेहरा उतरला. "माझं बोलणं चुकलं का?"

"नाही."

"मग काहून?"

विनतानं पुड्याची गाठ सोडली, जलेबीचा एक तुकडा मोडला आणि त्याच्यापुढे धरला.

"घरच्या माणसाची केस मी घेत नाही," ती म्हणाली.

अनुपमला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं जलेबीसकट तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.