रिकाम्या पेटीची चोरी

"अंडी चोरीला गेली म्हणून कुणी गुप्तहेराकडं येतं का?" रामहरीने हसू दाबत विचारलं.

केजमध्ये वनमालाबाईंची चौकशीची कचेरी होती. एरवी कामं लग्नाआधी मुलाची माहिती काढायची. रामहरी त्यांचा मदतनीस. गाडी हाकण्यात पटाईत, डोकं चालवण्यात जरा सावकाश.

समोरची अदिबा हसली नाही. "बाई, माझ्या अब्बांच्या कोंबड्यांची ही शेवटची अंडी. अब्बा गेले, मागून कोंबड्या रोगानं गेल्या. उबवायच्या पेटीत अंडी ठेवली, पिल्लं निघायलाच आलती. काल बहिणीकडं सिरसाळ्याला गेलते. सकाळी येऊन बघते, तर पेटी रिकामी!"

रामहरी ओशाळला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

अदिबाच्या घरातली पेटी थर्माकोलची, आत बल्ब आणि पाण्याची वाटी. झाकण नीट लावलेलं. अंड्यांखालचं मऊ फडकं मात्र गायब.

"बटण कुणी बंद केलं?" बाईंनी विचारलं.

"मी न्हाई. आले तवा बंदच होतं."

"चोर लई टापटिपीचा हाय," रामहरी म्हणाला.

अदिबाचा दीर जमील वेल्डिंगच्या दुकानात भेटला. "काल दुपारी काय गडगडलं! लाईट गेली ती पहाटं आली. मी घरी गेलोच न्हाई, दुकानातच झोपलो." मग रामहरीकडे वळून, "माझ्याकडं काय बघतो बे? मी अंडं खात पण न्हाई."

शेजारी धोंडीराम चिडूनच बोलला. "मागितली होती अंडी. न्हाई म्हणाली, विषय संपला. उलट तिच्या सासूची ती खुडूक कोंबडी रोज माझ्या वैरणीत येऊन बसायची, उठवली तर चोच मारायची. कालपासून ती पीडा टळली."

सासू आमिनाबी पानाचा डबा घेऊन उंबऱ्यात बसली होती. सुपारी खलबत्त्यात कुटत होती.

"अडकित्ता नाही का?" वनमालाबाईंनी विचारलं.

"ठेवला असंल कुठंतरी."

"पेटीला हात लावलात?"

"तिनं कुणाला लावू दिलाय? खबरदार म्हणून गेलती."

वनमालाबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"अंडी घराबाहेर गेलीच नाहीत. लाईट गेली, पेटी गार पडायला लागली. रिकाम्या पेटीचं बटण बंद करायची काळजी चोर करत नाही, घरचं माणूस करतं. अंडी जपून न्यायला फडकंही त्यानंच घेतलं. मग ऊब कुठली? धोंडीरामची पीडा कालच टळली, म्हणजे खुडूक कोंबडीला बसायला अंडी मिळाली."

"आणि अडकित्ता?" रामहरीने विचारलं. "कोंबडीला सुपारी?"

"अरे खुळ्या, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कोंबडी बसवताना खाली लोखंड ठेवतात. हाताशी आलं ते ठेवलं. आमिनाबी, कोंबडी कुठंय?"

आमिनाबीचे डोळे भरून आले. "आतल्या खोलीत. बाजेखाली. लाईट येईना, अंडी गार पडायली, काय करू? ही आली ती चोर चोर ओरडतच. पिल्लं न्हाई निघाली तर माझ्यावरच येईल... जीभच रेटली न्हाई."

अदिबा आत धावली. पाठोपाठ सगळे.

टोपलीत कोंबडी पिसं फुगवून बसली होती. तिच्या पंखाखालच्या अंड्याला तडा गेला होता, आणि फटीतून इवलीशी चोच हलत होती. अदिबाने कवच सोलायला हात पुढे केला. आमिनाबीने तिचं मनगट धरलं.

"नको. त्याचं त्यालाच फोडू दे. घाई केली तर मरतं."

अदिबा सासूला टेकून खाली बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही.

"अब्बा पण असाच हात धरायचे, अम्मी," ती म्हणाली. "सोडू नका."