सारिकाच्या गोळ्या

बांद्याच्या बाजारात सुके बांगडे निवडता निवडता सारिकाच्या पोटातून काहीतरी वर सरकलं... आणि पुढचं तिला काहीच आठवेना.

डोळे उघडले तेव्हा ती कुशीवर पडली होती. भोवती माणसांचं कडं. कुणीतरी नाकाशी चप्पल धरायला वाकलेलं आणि एक तरुण त्याला मागे सारत होता. "चप्पल नको हो! वारो येंवदे तिका."

मग तिला ओल जाणवली. सलवार भिजली होती... पाऊस तर नव्हताच. त्या तरुणानं आपला रेनकोट तिच्या कमरेवर पसरला. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावी, असं तिला झालं.

त्याचं नाव विनीत, त्याची कलमांची नर्सरी आहे, हे तिला न्यायला आलेल्या आईनं विचारून घेतलं होतं. तरी रेनकोट परत नेऊन द्यायचा धीर व्हायला सारिकाला कितीतरी दिवस लागले.

नर्सरीत भुरभुर चालू होती. तिनं रेनकोट पुढे केला, नजर मोगऱ्याच्या रोपांवर.

"धुतलंस?"

"हो... दोनदा."

"मगे पावसात घालून बघूक व्हयो. तू पण चल. गळाक लागलो तर साक्षीदार नको?"

ती हसली, आणि आपण हसलो याचीच तिला लाज वाटली.

पुढे भेटी वाढल्या. एकदा तिनं सगळं सांगून टाकलं. शाळेत असल्यापासून फिट येतात, औषधांमागून औषधं झाली, आई मात्र लोकांना 'चक्कर येते' एवढंच सांगते. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑपरेशन कर. मेंदूत उजव्या कानशिलाच्या आत एकच व्रण आहे, प्रत्येक फिट तिथूनच निघते. तेवढा भाग पूर्ण काढता आला तर गुण येण्याची आशा चांगली. उगाच वर्षं घालवू नकोस.

"मगे थांबलंस कित्या?"

"केस काढतील... सगळ्यांना कळेल."

"केस वाढतले गो," तो हळूच म्हणाला. "तू बरी हो."

ऑपरेशन झालं. केस वाढून कानाखाली आले तरी एकही फिट आली नाही. विनीतनं तिला घरी बोलावलं, आपल्या आईला भेटायला. आणि तिथेच सारिकाचं चुकलं. बऱ्या झालेल्या मुलीच्या पर्समध्ये गोळ्या दिसल्या तर? ऑपरेशननंतरही घ्यायला सांगितलेल्या त्या गोळ्या तिनं कुणालाही न विचारता बंद केल्या.

विनीतच्या आईनं, मथुराकाकींनी, शिरवाळ्यांच्या ताज्या तांदळी शेवयांवर नारळाचा रस ओतला आणि सारिकाच्या पोटातून ते ओळखीचं काहीतरी वर सरकलं...

शुद्धीवर आली तेव्हा काकी तिचं तोंड पुसत होत्या. ती रिक्षा करून घरी पळाली. विनीतचे फोन वाजत राहिले, तिनं उचलले नाहीत.

शेवटी तो दारात आला. "ऑपरेशन फुकट गेला काय गो?"

"नाय." तिनं दाराची चौकट धरली. "गोळ्यो... मीच बंद केलंय. तुझ्या आयेक दिसतल्यो म्हणान."

तो पायरीवर बसला. "माका सांगूक काय झालेला? मी काय परको?"

त्यानं तिच्याच मोबाइलवरून, स्पीकर चालू करून, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या चांगल्याच रागावल्या. ऑपरेशन नीट झालंय, पण गोळ्या कधी कमी करायच्या ते मी ठरवणार, तू नाही! आजपासून परत सुरू कर. सारिका मान खाली घालून ऐकत राहिली.

विनीतनं फोन तिच्या हातात परत दिला.

"सारिका... माका तू व्हयी. गोळ्यांसकट."

तिनं वर पाहिलं. कान लाल झाले होते, त्याचेही.

"फिट परत इली तर?"

"इली तर इली. मी आसंय मा?"

"होय," ती कशीबशी म्हणाली. मग ओढणी सावरत उठली. "पण आधी तुझ्या आयेक मी सांगतलंय. मी काय केलंय ता."

"आत्ता?"

"आत्ताच. मगे धीर व्हवचो नाय."

त्यानं स्कूटर चालू केली. मागे बसताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला — पहिल्यांदाच, भर दिवसा, शेजारणीच्या देखत.